पाठमोरा निरोप

"हसणारं नको," शांताक्का म्हणाली. "ते येड्याचं हाय. दवाखान्यात कोन हसतंय असं?"

मी तिच्यापुढे पाच चेहऱ्यांचा पुठ्ठा धरून स्टुलावर बसलो होतो. डावीकडचा चेहरा रडका, उजवीकडचा खदखदा हसणारा, आणि मधले तीन टप्प्याटप्प्याने सुधारत गेलेले. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आपल्याला किती समाधान वाटलं ते बोट ठेवून दाखवायचं, अशी पुण्याच्या कचेरीची योजना होती. शांताक्काने पाचही चेहरे नीट न्याहाळले आणि मधल्यावर बोट ठेवलं.

"ह्यो बरा हाय. गप बसलाय. शाना दिसतोय."

मी तीन हा आकडा लिहिला. शेजारच्या खाटेवर तिची नात चहात बिस्कीट बुडवून खात होती. तापात आकडी येऊन डोळे फिरवलेल्या अवस्थेत ही पोर इथे आली होती, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तिच्या आजीचं समाधान पाचापैकी तीन.

"आता सहावा प्रश्न," मी म्हणालो. "घरी जाणाऱ्या पेशंटला इथले लोक आपुलकीने निरोप देतात का?"

"न्हाई," शांताक्का आनंदाने म्हणाली.

"आणि सातवा. पुन्हा गरज पडली तर तुम्ही याच दवाखान्यात याल का?"

तिने पुठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला आणि पालथा घातला.

"मास्तर, तुमी शिकलेलं हाय. असलं वंगाळ इचारू नये मानसाला."

मी तिथे ‘नाही’ लिहिलं. सगळ्यांच्या नावापुढे तेच लिहीत आलो होतो. पुन्हा येणार का, या प्रश्नाला त्या वॉर्डातल्या एकाही माणसाने हो म्हटलं नव्हतं.

तेव्हा मी पुण्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे. माणसांशी फार बोलावं लागू नये म्हणून मी तो विषय घेतला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वर्गातही मी बहुतेक वेळ फळ्याकडे तोंड करून उभा असायचो. अशा माणसाला अनोळखी आयाबायांच्या खाटेशी बसून प्रश्न विचारायला का पाठवलं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. ट्रस्टचे सेक्रेटरी दफ्तरदार माझ्या थोरल्या भावाचे मित्र. "तुमच्याकडून हिशेबात लबाडी होणार नाही," एवढंच ते म्हणाले होते.

कळंबखोऱ्यात ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. घाटमाथ्यावरचा, चारी बाजूंनी जंगल. त्यातला लहान मुलांचा वॉर्ड बंद करून तो जिल्ह्याच्या गावातल्या मोठ्या इस्पितळाला जोडावा, असा विचार चालला होता. खर्च वाचला असता. पण दफ्तरदार न्यायी माणूस. लोकांचं मत घेतल्याशिवाय निर्णय करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं, म्हणून मी. कळंबखोऱ्यातून जिल्ह्याच्या गावी जायला एसटीने अर्धा दिवस लागे, तोही एसटी आली तर.

वॉर्ड एस्तेर सिस्टरांच्या हाताखाली होता. त्या मिरजेच्या. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने भारदस्त, आवाज खर्जातला. सिस्टर फारसं बोलत नसत, त्यामुळे मला त्यांच्या जवळपास बसायला बरं वाटे. एखाद्या मुलाचा श्वास अडखळायला लागला की त्या त्याच्या छातीवर हात ठेवून उभ्या राहत आणि खिडकीबाहेर बघत. मुलाकडे नाही, खिडकीबाहेर. त्यांचा स्वतःचा श्वास हळूहळू मुलाच्या श्वासासारखा व्हायचा, आणि मग केव्हातरी, कसं ते मला सांगता येणार नाही, मुलाचा श्वास त्यांच्यासारखा संथ व्हायला लागायचा. माझ्या प्रश्नावलीत याला जागा नव्हती. मी कागद मांडीवर ठेवून नुसता बघत राहायचो.

पण त्यांचं एक वागणं मला समजत नव्हतं. कुणी बरं होऊन घरी निघालं की त्या पाठ फिरवायच्या. आई पोराला कडेवर घ्यायची, बाप गाठोडं उचलायचा, आणि नेमक्या त्या वेळी सिस्टर औषधांच्या कपाटाकडे तोंड करून बाटल्या सरळ करत बसायच्या. ती माणसंही काही न बोलता चालू लागायची. ज्या बाईने आठवडाभर त्यांच्या पोराला तळहातावर सांभाळलं, तिला एक शब्द नाही. मागे वळून बघणं नाही. मला ते पाहवत नसे.

शांताक्काला सातवा प्रश्न विचारला त्याच दुपारी मी जेवायला निघालो. कागद आवरले आणि सवयीने सिस्टरांना म्हणालो, "बरंय, येतो मी."

वॉर्डातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मास्तर," शांताक्का खाटेवरून पाय खाली सोडत म्हणाली, "काय बोललासा?"

"जेवायला जातोय. येतो म्हणालो."

"दवाखान्यातनं निगताना येतो म्हनत्यात व्हय? तुमच्या आईनं शिकिवलं न्हाई?"

कुणीतरी पदर तोंडाला लावून हसलं. माझे कान गरम झाले.

"आमी घरातनं, देवळातनं, बाजारातनं निगताना येतो म्हनतो," ती नातीला समजावावं तसं मला समजावू लागली. "हितनं न्हाई. हितनं गप निगायचं, मागं बगायचं न्हाई. मागं बगितलं की दुखनं वळखतंय आपल्याला. सिस्टर बिचारी म्हनून तर पाठ करती. तिचं त्वांड दिसलं की मानसाच्या त्वांडातनं येतो निगंलच की, एवढं केलंय तिनं."

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या एका मुलाचं बोट धरून नखं कापत होत्या.

"जेवून घ्या, सर," त्या म्हणाल्या. "भाकरी गार होते."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझे वडील इस्पितळातून घरी आले तेव्हा आईने टांग्यात बसताना माझी मान धरून समोर वळवली होती. मी ते विसरलो होतो. की पुस्तकं वाचता वाचता ते कुठेतरी खाली गेलं होतं, कोण जाणे.

त्या वॉर्डात एकच आई मला उलट प्रश्न विचारत असे. खिडकीजवळच्या खाटेवर सिदू नावाचा तीन वर्षांचा मुलगा होता, न्यूमोनियाने आलेला. त्याची आई भागा झोरे वरच्या धनगरवाड्यातली. बाविशीतली असावी, पण डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी खाटेजवळून गेलो की ती विचारी, "मला कवा इचारनार?"

"डॉक्टर सिदूला बरं झालं म्हणाले की. नियम आहे तसा."

"मंग लवकर इचारा की."

मी हसायचो. तीही हसायची. ते आमचं रोजचं झालं होतं. माझ्या प्रश्नांची वाट बघणारी आयुष्यात भेटलेली ती एकमेव व्यक्ती. एकदा तिने पुठ्ठा मागून घेतला आणि सिदूला तो चेहऱ्यांशी खेळू दिला. त्याने खदखदा हसणाऱ्या चेहऱ्याच्या नाकावर बोट दाबलं आणि खोकला येईपर्यंत हसला. भागाने त्याची पाठ चोळली.

"ह्ये बगा, त्यानं सांगितलं," ती म्हणाली. "ल्हिवा."

"मुलांचं धरत नाहीत," मी म्हणालो.

सिदू एका दुपारी गेला. सकाळी त्याने पेज खाल्ली होती. मग श्वास चढला. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत आणला. एस्तेर सिस्टर त्याच्या छातीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यांचा श्वास त्याच्यासारखा झाला, आखूड आणि घाईचा. मी वाट बघत होतो आता त्याचा त्यांच्यासारखा होईल म्हणून. तसं झालं नाही. डॉक्टरांनी मान हलवून स्टेथोस्कोप काढला तरी सिस्टरांचा हात तिथेच होता.

भागा रडली नाही. ती फक्त म्हणाली, "वाड्यावर न्यायचं तर वारं लागंल त्येला."

सिस्टरांनी वॉर्डातलं लाल ब्लँकेट काढलं आणि सिदूला स्वतः गुंडाळलं, मान झाकली. बापाने त्याला खांद्यावर घेतलं. त्या दिवशी सिस्टरांनी पाठ केली नाही. फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेल्या आणि डोंगराची पायवाट झाडीत शिरते तिथवर ती माणसं दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या.

माझ्या सूचनापत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: मृत रुग्णांच्या नातेवाइकांस प्रश्न विचारू नयेत. त्यात चूक काही नव्हतं. मी भागाचं नाव यादीतून काढलं.

दफ्तरदार तीन-चार दिवसांनी जीपने आले. मी बेरजा करून ठेवल्या होत्या. त्यांनी उभ्यानेच कागद चाळले.

"औषधपाणी चांगलं म्हणतात. जेवण चांगलं. आणि सातव्याला सरसकट नाही?"

"हो."

"सहाव्यालाही?"

"साहेब, त्याचं कारण आहे." मी शांताक्काने सांगितलेलं सांगायला सुरुवात केली. सांगताना माझ्याच कानांना ते पोकळ वाटलं. दफ्तरदारांनी मध्ये तोडलं नाही. ते कधीच तोडत नसत.

नेमकी तेव्हाच शांताक्का नातीला घेऊन निघाली. नातीच्या डोक्याला नवा रुमाल बांधला होता. सिस्टर कपाटाकडे वळल्या. शांताक्का आमच्या शेजारून तरातरा गेली. माझ्याकडेही तिने बघितलं नाही. फाटकाबाहेर पडेपर्यंत तिची मान ताठ होती.

"बघितलंत?" दफ्तरदार हळूच म्हणाले. "तोंडसुद्धा वळवत नाही ही सिस्टर. आणि लोकांनाही काही वाटत नाही."

"वाटतं म्हणूनच तसं करतात, साहेब."

"पाध्ये, तुम्ही म्हणता ते खरं असेल. मीही याच मातीतला आहे. पण मला सांगा, पुन्हा दवाखाना नको, असं लोक म्हणताहेत की हा दवाखाना नको, असं म्हणताहेत? या आकड्यांवरून सांगता येईल तुम्हाला?"

मी विचार केला. "नाही."

"उद्या पोर आजारी पडलं तर ही माणसं इथे येतील की देवऋष्याकडे जातील की एसटी धरून खाली जातील? मला तेवढंच कळायला हवं. ते कळत नसेल तर या वॉर्डावर खर्च करा, असं मी ट्रस्टींना कुठल्या तोंडाने सांगू?"

वाद घालणं मला कधीच जमलं नाही, आणि इथे तर त्यांचं बरोबर होतं. ज्याचं उत्तर हवं तो प्रश्न इथे विचारताच येत नव्हता. विचारला की माणसं पुठ्ठा पालथा घालत. वॉर्ड बंद झाला असता, सिस्टरांची बदली झाली असती, आणि खाली जाणाऱ्या एसटीत किती पोरं तग धरतील ते कुणीच मोजलं नसतं.

"संध्याकाळी बैठकीचा मसुदा करू," दफ्तरदार म्हणाले. तेही खूश दिसत नव्हते.

आम्ही वॉर्डाच्या दारात उभे होतो. फाटकातून एक बाई आत येताना दिसली. डोक्यावर लाल घडी होती. जवळ आल्यावर मी ओळखलं. भागा झोरे.

माझ्या हातात तो पाच चेहऱ्यांचा पुठ्ठा होता. मी तो पाठीमागे लपवला. ते तिच्या लक्षात आलं असावं. माझ्यासमोर ती क्षणभर थांबली. आत गेली.

खिडकीजवळची खाट रिकामीच होती. भागाने डोक्यावरचं ब्लँकेट उतरवून पायथ्याशी ठेवलं. ओढ्यावर धुऊन वाळवलेलं. त्याला चुलीच्या धुराचा आणि उन्हाचा वास येत होता, तो दारापर्यंत आला. तिने घडीचं वरचं टोक हाताने सारखं केलं. मग परत एकदा सारखं केलं.

वॉर्डातल्या बाया बघत होत्या. काय घडलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकीने आपलं मूल उचलून मांडीवर घेतलं.

सिस्टरांनी तिला पाहिलं होतं. त्या काही पावलं पुढे आल्या, थांबल्या आणि मग कपाटाकडे वळल्या. आलेलं माणूस आता जाणार, एवढंच त्यांना कळत होतं, आणि जाणाऱ्यासाठी जे करायचं तेच त्यांच्या अंगाने केलं. त्यांची रुंद पांढरी पाठ आम्हाला दिसत होती. एक हात बाटलीवर होता, पण तो हलत नव्हता.

भागा चालू लागली. दारापर्यंत आली. आमच्या इतक्या जवळ, की तिच्या पायांना लागलेली डोंगराची लाल माती मला दिसली. तिथे ती थांबली आणि मागे वळली.

त्या वॉर्डातून जाताना मागे वळलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"येते, सिस्टर," ती म्हणाली. "धाकटी हाय अजून घरात."

आवाज मोठा नव्हता. पण वॉर्डातलं बाळसुद्धा रडायचं थांबलं, असं मला आठवतं. तसं झालं नसेलही. मी दफ्तरदारांकडे पाहिलं नाही, माझी नजर हलेना. देवळात मूर्तीवरचा पडदा बाजूला करतात तेव्हा पुढे उभ्या असलेल्यांना जे होतं, ते मला त्या फिनेलचा वास येणाऱ्या दारात झालं. मी देवभोळा माणूस नाही. तरी हात जोडावेत असं वाटलं, पण हातात पुठ्ठा होता.

एस्तेर सिस्टर वळल्या.

सावकाश वळल्या, सबंध वळल्या. त्यांचा चेहरा ओला होता आणि त्यांनी तो पुसला नाही. कपाटापासून दारापर्यंतचं अंतर तसंच ठेवून त्यांनी भागाकडे पाहिलं.

"ये," त्या म्हणाल्या.

भागाने मान हलवली आणि निघाली. डोंगराच्या पायवाटेला लागेपर्यंत तिने पुन्हा मागे पाहिलं नाही.

दफ्तरदारांनी विचारलं, "कोण होती ती?"

मी सांगितलं. लाल ब्लँकेटाचंही सांगितलं.

"यादीत आहे का तिचं नाव?"

"नाही. मुलगा गेला ना तिचा. अशांना विचारायचं नाही, असा नियम आहे."

ते पायऱ्या उतरून अंगणात गेले. दोन्ही हात पाठीमागे बांधून एका फणसाच्या झाडाभोवती फिरत राहिले. परत आले तेव्हा त्यांनी माझ्या हातातले बेरजांचे कागद घेतले, घडी केली आणि कोटाच्या खिशात घातले.

"पाध्ये, सातव्या प्रश्नाचं काय लिहू?"

आयुष्यात फार थोड्या वेळा मला योग्य क्षणी बोलता आलं आहे. ती वेळ त्यांतली होती की नाही, याबद्दलही मला पुढे कितीदा शंका आली.

"त्याचं उत्तर मिळालंय, असं लिहा," मी म्हणालो.

"पुरावा?"

"तुम्ही होतात की इथे."

दफ्तरदारांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "हं."

ट्रस्टींपुढे ते काय बोलले मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. वॉर्ड राहिला. एस्तेर सिस्टर निवृत्त होईपर्यंत तिथेच होत्या, हे मला नंतर कुणाकडून तरी कळलं. धाकटीला कधी तिथे यावं लागलं का, हे कळलं नाही. लागलं नसेल तर फार बरं. मी पुन्हा कॉलेजात गेलो आणि फळ्याकडे तोंड करून शिकवू लागलो. माणसाचं समाधान मोजायच्या पद्धतींवरचे लेख आजही हाती आले तर वाचतो. चांगले असतात. वाचून झाले की चष्मा काढून बसतो थोडा वेळ.

त्या संध्याकाळी मसुदा झाला नाही. ऊन कलायच्या आधीच आम्ही निघालो. दफ्तरदार सिस्टरांना भेटायला वॉर्डाच्या दारापर्यंत गेले, मी मागे. त्यांनी नमस्कार केला.

"बरंय सिस्टर, ये..." ते म्हणाले आणि तिथेच थांबले. राहिलेलं अक्षर त्यांनी गिळलं.

आतल्या बाया हसल्या. सिस्टरही बहुधा हसल्या असाव्यात. आम्ही काही न बोलता जीपकडे चालू लागलो. ड्रायव्हरने जीप वळवली तेव्हा आरशात वॉर्डाचं दार दिसलं. एस्तेर सिस्टर दारात आल्या होत्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

दफ्तरदार आरशात बघत राहिले.

"आपल्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "मागे बघू नका."